साठच्या दशकातली मस्टँग घेताना: पत्र्यापासून कागदापर्यंत गाडी कशी तपासायची

अमेरिकेत फोर्डची जुनी मस्टँग बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग व्ही-८ चा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) आवाज ऐकतो, मग आत बसून स्टिअरिंग धरतो. एवढ्यात त्याचं मन गाडीवर बसलेलं असतं आणि गाडीखाली वाकून बघायचं राहूनच जातं. हा क्रम उलटा करायला हवा. आधी कागदावरचे आणि पत्र्यावरचे नंबर, मग गाडीखालचा पत्रा, मग इंजिन, आणि रंग-सीट-क्रोम अगदी शेवटी.

यामागे कारण आहे. फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आणली, तेव्हा तिची किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. ही किंमत जमली, कारण गाडीचा सांगाडा बराचसा आधीच्या फोर्ड फाल्कनवरून घेतलेला होता. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. मजला, दोन्ही बाजूंचे उंबरे, पुढच्या-मागच्या पोकळ पट्ट्या, सगळं एकमेकांना वेल्ड करून बनलेला पत्राच गाडीचं वजन पेलतो. तो गंजला की गाडीची हाडंच गेली. उलट सीटकव्हर, कार्पेट, बंपर, दिवे, काचेचे रबर हे सगळं आज नवं मिळतं. इंजिन खोलून पुन्हा बांधणारेही प्रत्येक शहरात आहेत. पत्र्याचं काम मात्र तासांवर मोजलं जातं आणि ते तास संपता संपत नाहीत. म्हणून माझं मत पक्कं आहे: साधं सहा सिलिंडरचं इंजिन असलेली पण खणखणीत पत्र्याची गाडी ही सडलेल्या व्ही-८ पेक्षा केव्हाही चांगली.

दुसरी गोष्ट म्हणजे घाई करू नका. १९६५ आणि १९६६ या दोन मॉडेल-वर्षांच्या मिळून जवळपास १२ लाख ८८ हजार मस्टँग बनल्या. "उद्या दुसरा माणूस येतोय बघायला" असं विक्रेता म्हणाला तर येऊ द्यावं. पुढच्या महिन्यात दुसरी गाडी नक्की दिसेल.

हा लेख याच १९६५-६६ च्या गाड्यांपुरता आहे.

निघण्याआधी, फोनवर

विक्रेत्याकडून चार गोष्टी मागून घ्या: गाडीच्या नंबराचा जवळून काढलेला फोटो, दारावरच्या पट्टीचा फोटो, टायटलचा, म्हणजे मालकीच्या सरकारी दाखल्याचा फोटो (नाव-पत्ता झाकला तरी चालेल) आणि गाडीखालचे फोटो. पहिल्या तिन्हीवरून घरबसल्या बरंच कळतं. गाडीखालचे फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे दोन तास गाडी चालवत जाण्यात अर्थ नाही.

अजून एक विनंती आवर्जून करा: "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." गरम इंजिन आपले दोष लपवतं.

सोबत न्यायचं सामान थोडंच आहे. चांगला टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, दांडीला लावलेला आरसा, स्क्रू-ड्रायव्हर, कॉम्प्रेशन मोजायचं गेज, जाडसर जुने कपडे आणि पाण्याचा मोठा जग. त्या पाण्याचं काय करायचं ते पुढे येतंच. शक्य असेल तर विक्रेत्याला जवळच्या टायरवाल्याकडे किंवा गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवायला राजी करा आणि लिफ्टचे पैसे तुम्ही द्या. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या अवस्थेत गाडी बघू नका. ओला रंग सगळे दोष झाकतो.

नंबर वाचायला शिका

सतरा अक्षरांचा गाडी-नंबर अमेरिकेत १९८१ पासून आला. त्याआधीच्या गाड्यांचा इतिहास नंबर टाकून इंटरनेटवर मिळत नाही. मस्टँगचा नंबर अकरा खुणांचा आहे आणि तो तुम्हालाच वाचावा लागतो.

समजा नंबर ५ आर ०७ सी १२३४५६ असा आहे. पहिला ५ म्हणजे १९६५ (६ असेल तर १९६६). दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे मिशिगनमधलं डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मेटचन. यातले दोन कारखाने अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांच्या रोजच्या वाटेवरचे आहेत. मेटचन म्हणवला जाणारा कारखाना प्रत्यक्षात एडिसनमध्ये होता आणि २००४ पर्यंत चालू होता. सॅन होजेचा कारखाना मिलपिटसमध्ये होता, आज ज्या इमारतीत ग्रेट मॉल आहे तिथेच. बे एरियातल्या ज्या मराठी घरांची खरेदी त्या मॉलमध्ये होते, त्यांच्या पायाखालच्या जमिनीवर आर अक्षराच्या मस्टँग तयार झाल्या आहेत. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढचे दोन आकडे बांधणीचे: ०७ हार्डटॉप (पक्क्या छताची), ०८ कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची), ०९ फास्टबॅक (मागे उतरत्या छताची). फास्टबॅकला मागणी जास्त, म्हणून हार्डटॉपचं छत कापून फास्टबॅक बनवणारेही असतात. अशा गाडीच्या नंबरात ०७ असतं आणि छत मात्र उतरतं दिसतं. मग इंजिनाचं अक्षर येतं. टी म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडर, १२० हॉर्सपॉवर. सी म्हणजे २८९ घनइंचाचं व्ही-८, दोन बॅरलचा (हवा ओढायच्या दोन नळ्यांचा) कार्ब्युरेटर, २०० हॉर्सपॉवर. ए म्हणजे तेच इंजिन चार बॅरलचं, २२५ हॉर्सपॉवर. के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं, या चारांत सर्वांत महाग. सुरुवातीच्या काही महिन्यांत यू (१७० घनइंच, सहा सिलिंडर), एफ (२६० घनइंच, व्ही-८) आणि डी (२८९, चार बॅरल) ही अक्षरंही होती. शेवटचे सहा आकडे अनुक्रमांकाचे.

हा नंबर कुठे बघायचा हे महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या दारावर रिव्हेटने बसवलेली पट्टी असते, तिच्यावरही तो असतो, पण तशा पट्ट्या आज नव्या बनवून मिळतात. खरा नंबर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. बॉनेट उघडलं की बाहेरच्या मडगार्डच्या कडेला एक खाच दिसते, तिच्यातून तो वाचता येतो. शिवाय बाहेरच्या मडगार्डखाली झाकलेले त्याच नंबराचे ठसे असतात, ते मडगार्ड सोडवल्याशिवाय दिसत नाहीत. दिसणाऱ्या नंबराभोवती वेल्डिंगची रेघ, घासल्याच्या खुणा किंवा वेगळ्या जाडीचा पत्रा जाणवला तर कारण विचारा. अपघातानंतर आतला पत्रा बदललेला असू शकतो, तसाच दुसऱ्या गाडीचा नंबर या गाडीला चिकटवलेलाही असू शकतो. दुसऱ्या बाबतीत गाडी कितीही देखणी असली तरी परत फिरावं.

दारावरची पट्टी खोटी असू शकते, तरी वाचा. तिच्यावर बांधणी, रंग, आतली सजावट, तारीख, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे कोड असतात. हार्डटॉपचा कोड ६५ए, फास्टबॅकचा ६३ए, कन्व्हर्टिबलचा ७६ए. ए ऐवजी बी असेल तर आतली सजावट वरच्या दर्जाची होती, सीटच्या पाठीवर धावणारे घोडे उठवलेली. तारखेत आधी दिवस, मग महिन्याचं अक्षर: १२सी म्हणजे १२ मार्च. महिन्यांची अक्षरं ए पासून क्रमाने जातात, फक्त आय गाळलेलं आहे, म्हणून सप्टेंबर म्हणजे जे.

आता "सगळे नंबर जुळतात" या दाव्याविषयी. या दोन वर्षांत गाडीचा नंबर इंजिनावर ठोकला जायचा तो के इंजिनाच्या बाबतीत. सी, ए किंवा टी इंजिनाच्या गाडीत तसा ठसाच नसतो, त्यामुळे "नंबर जुळतो" असं म्हणणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. तिथे बघायची असते ती ओतकामाची तारीख. ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर) ५बी२० असं उठवलेलं असेल तर ब्लॉक २० फेब्रुवारी १९६५ ला ओतलेला आहे. १२ मार्चच्या गाडीत तो शोभतो. तिथे ५ई काही असेल, म्हणजे मे महिन्याचा ब्लॉक, तर इंजिन नंतर बसवलेलं आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त मूळ इंजिनाची किंमत मोजू नका.

एक सोपी खूण चाकांवर आहे. सहा सिलिंडरच्या गाडीची चाकं चार नटांची, व्ही-८ ची पाच नटांची. व्ही-८ म्हणून दाखवलेल्या गाडीच्या चाकाला चार नट असतील तर सहा सिलिंडरच्या गाडीत मोठं इंजिन टाकलं आहे आणि ब्रेक, स्प्रिंगा, मागचा ॲक्सल बहुतेक हलकेच राहिले आहेत.

"साडेचौसष्टची मस्टँग" हे शब्दही जाहिरातीत दिसतील. मार्च ते ऑगस्ट १९६४ मध्ये बनलेल्या गाड्यांना लोक असं म्हणतात, पण नंबरात त्यांचंही वर्ष ५ च आहे. त्यांची मोठी खूण म्हणजे अल्टर्नेटरऐवजी डायनॅमो. तेव्हा त्या नावाखाली जास्त पैसे मागत असतील तर दारावरची तारीख आणि डायनॅमो दोन्ही बघा.

काउल: सगळ्यात आधी इथे

पुढची काच आणि बॉनेट यांच्यामध्ये जाळीसारख्या फटी असलेला पत्र्याचा पट्टा असतो. त्याला काउल म्हणतात. या पट्ट्याखाली दोन पत्र्यांची बंद पेटी आहे. फटींतून हवा आत येते आणि पेटीच्या तळातल्या दोन भोकांतून गाडीत उतरते. पावसाचं पाणी त्या भोकांतून आत जाऊ नये म्हणून भोकांभोवती पत्र्याची उभी कड आहे. पाणी कडेच्या बाहेर साचतं आणि पेटीच्या दोन्ही टोकांनी, पुढच्या मडगार्डच्या मागून जमिनीवर पडतं.

रचना ठीक, पण या पेटीच्या आतपर्यंत कारखान्यात रंग नीट पोचलाच नाही. वर्षानुवर्षं त्यात पानं आणि धूळ साचते, ओल धरून ठेवते आणि ती उभी कड मुळापासून कुजते. मग प्रत्येक पावसात पाणी थेट पायाशी टपकतं आणि मजलाही गंजू लागतो. कॅलिफोर्नियाची गाडी आहे, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ कधी पाहिलेलं नाही, असं सांगणाऱ्यांच्या गाडीतही हा रोग असतो, कारण त्याला रस्त्यावरचं मीठ लागत नाही, झाडाची पानं आणि थोडा पाऊस पुरतो.

तपासणी अशी करा. विक्रेत्याची परवानगी घ्या, आतलं कार्पेट बाजूला करा आणि एकाला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली डोकं घालून झोपायला सांगा. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या फटींतून सोबत आणलेलं पाणी हळूहळू ओता, थांबा, मग दुसऱ्या बाजूने ओता. पाणी दोन्ही दारांच्या पुढे जमिनीवर पडलं पाहिजे, आत एक थेंबही नको. उजव्या बाजूला हीटरची पेटी आड येते, म्हणून तिथे हात घालून चाचपा. हीटरच्या बुडाशी ओल लागली तर तीही गळतीच. बाहेर पाणी आलंच नाही तर वाट तुंबली आहे, म्हणजे पेटीत पाणी उभं राहतं.

हे नीट दुरुस्त करायचं तर मडगार्ड, बॉनेटच्या बिजागऱ्या, बहुतेक वेळा पुढची काचही काढावी लागते, स्पॉट-वेल्ड एकेक करून ड्रिलने उडवायचे, वरचा पत्रा उचलायचा, आतला बदलायचा आणि सगळं परत वेल्ड करून रंगवायचं. म्हणूनच बरेच जण भोकांवर प्लास्टिकच्या टोप्या आणि सिलिकॉन चिकटवून गाडी विकायला काढतात. टोप्या दिसल्या तर काउल गेलेलाच समजा आणि त्या हिशोबाने किंमत बोला. विक्रेता पाणी ओतू देत नसेल तरीही तसंच समजा.

गाडीखाली

आता जमिनीवर आडवे व्हा. पुढच्या चाकांपासून मागच्या बंपरपर्यंत क्रमाने बघा.

समोरच्या दोन पोकळ पट्ट्या रेडिएटरपासून निघून पायांखालच्या मजल्याला मिळतात. उजवी जास्त गंजते, कारण बॅटरी पुढच्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि तिचं ॲसिड बॅटरीखालचा पत्रा आणि त्याखालची पट्टी खातं. पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच वाजवा. चांगला पत्रा खणकन वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. नुकताच फासलेला काळा डांबरी थर दिसला तर दुप्पट संशय घ्या. काही जण गंजावरच तो थर मारून गाडी "खालून नवी" करतात.

पुढची पट्टी आणि दाराखालचा उंबरा यांना जोडणाऱ्या पेटीला टॉर्क बॉक्स म्हणतात. ती बघा, उंबऱ्याची खालची कड बोटांनी चाचपा. मजल्याचा पत्रा वरून आणि खालून, दोन्हीकडून बघा. मूळ मजल्यावर उठावाच्या रेषा सलग जातात. मध्येच सपाट ठिगळ, रिव्हेट किंवा एकावर एक चढवलेले पत्रे दिसले तर त्या दोन थरांमध्ये ओल अडकलेली असते. सीटखालचा भागही विसरू नका.

बॉनेट उघडून इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे उंच मनोरे बघा, ज्यांवर पुढची स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर टेकतात. चाक धरणारा वरचा कंट्रोल आर्म जिथे बोल्टने बसतो तिथे केसासारख्या चिरा पडतात, विशेषतः जड व्ही-८ च्या गाड्यांत. चिरेवर फक्त पट्टी वेल्ड केलेली असेल तर पुढच्या चाकांची भूमिती मोजून घेतल्याशिवाय गाडी घेऊ नका.

मागे डिकीत या. या गाडीची पेट्रोलची टाकी डिकीच्या मजल्यात बसवलेली आहे. टाकीचा वरचा पत्राच डिकीचा मजला असतो. चटई उचला, टाकीच्या कडा आणि पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी सांधा बघा, वास घ्या. आजच्या अमेरिकी पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुने रबर त्याने मऊ पडतात. वास येत असेल तर पेट्रोलचा सांधा दुरुस्त होईपर्यंत चालवून बघायचा आग्रह धरू नका. डिकीच्या दोन्ही कोपऱ्यांतले खालचे पत्रे आणि मागच्या चाकांच्या कमानी आतून तपासा. लीफ स्प्रिंगची पुढची आणि मागची दोन्ही टोकं ज्या पट्टीला बसतात तिथेही वाजवून बघा.

कन्व्हर्टिबल असेल तर अजून एक चाचणी. तिला छताचा आधार नसल्यामुळे सगळा भार उंबऱ्यांवर येतो. दार उघडून बंद करा, फटीची रुंदी वर-खाली सारखी आहे का बघा. मग गाडी पुढच्या चाकाच्या जरा मागे जॅकने थोडी उचला आणि दार पुन्हा लावा. दार अडकायला लागलं किंवा वरची फट आवळली तर उंबरे आतून गेले आहेत. ही गाडी सोडून द्यायची.

रंग आणि पुट्टी

बडा घर पोकळ वासा, ही म्हण अशा गाड्यांसाठीच लागू पडते. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक मागच्या चाकांच्या कमानीवर, दारांच्या खालच्या कडेवर, पुढच्या मडगार्डच्या मागच्या-खालच्या टोकाला फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे. हार्डटॉपवर मात्र एक अपवाद लक्षात ठेवा: छताचा पत्रा मागच्या बाजूच्या पत्र्याला जिथे मिळतो, तो सांधा कारखान्यातच शिशाने भरलेला असे. तिथे चुंबक घसरलं तर विक्रेत्याला धारेवर धरू नका. त्या सांध्यावर व्हिनाइलचं आच्छादन असेल तर मात्र कडेला फुगवटे आहेत का ते बोटांनी बघा, त्याखाली पाणी साचतं.

उन्हात गाडीच्या लांबीशी समांतर बसून पत्र्यावरचं प्रतिबिंब बघा. सरळ रेघ लाटेसारखी हलत असेल तर हाताने घासलेली पुट्टी आहे.

इंजिन

बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री करा. ऑईलची कांडी काढा, दुधाळ चिकट ऑईल म्हणजे पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडा, आतल्या पाण्यावर ऑईलचा तवंग नको. ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा, त्याने ऑटोमॅटिक चोक लागतो, मग चावी फिरवा. सुरू होताना क्षणभर निळा धूर दिसला तर व्हॉल्वचे सील जुने आहेत, ते छोटं काम. चालवताना सतत निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल तर हेड गॅस्केट.

इंजिन गरम झाल्यावर सगळे प्लग काढून कॉम्प्रेशन घ्या. एकेक आकडा कमी-जास्त चालतो, पण सर्वांत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या खाली कोणताच सिलिंडर नको. मागच्या मेन सीलमधून थोडं ऑईल गळणं या इंजिनांत नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्वच्या सीट झिजतात ही भीतीही अधूनमधून चालणाऱ्या गाडीत फारशी खरी ठरत नाही. हेडचं काम निघेल तेव्हा कडक सीट बसवून घ्याव्यात.

२०० घनइंचाच्या सहा सिलिंडर इंजिनाला सात मेन बेअरिंग आहेत. ते वेगवान नाही, पण टिकतं भरपूर. लोक त्याला कमी लेखतात, म्हणून त्या गाड्या स्वस्त मिळतात.

चालवून बघताना

ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांडीजवळच्या खुणांत दोन ठिपके दिसतील, एक मोठा हिरवा आणि एक छोटा. नेहमीच्या चालवण्यासाठी मोठा हिरवा. छोट्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उठते, बर्फासाठी ती सोय होती. हे माहीत नसलेले लोक "गिअरबॉक्स मेलाय" समजून चांगली गाडी सोडतात. तेल लालसर हवं, तपकिरी आणि जळकट वासाचं नको.

१९६६ पर्यंत या गाडीच्या ब्रेकला एकच कप्प्याचा मास्टर सिलिंडर होता. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. बऱ्याच गाड्यांत चारही ड्रमच आहेत. त्यामुळे आधी मोकळ्या जागेत पेडल दाबून धरा, ते हळूहळू खाली बसत नाही ना बघा, मगच रस्त्यावर या. कोणी दुहेरी मास्टर सिलिंडर किंवा पुढे डिस्क ब्रेक बसवले असतील तर मूळपणा गेला म्हणून नाक मुरडू नका. घरच्यांना घेऊन फिरायची गाडी असेल तर हे बदल मोलाचे आहेत.

ब्रेक लावताना एका बाजूला ओढते का, खड्ड्यातून जाताना मागून ठोका येतो का, वळताना पुढून कुरकुर येते का हे ऐका. पुढची कुरकुर बहुधा वरच्या कंट्रोल आर्मच्या बुशांची, तिथे ग्रीस पोचवणं अवघड म्हणून ती कोरडी पडतात. हे स्वस्तातलं काम. परत आल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं तसंच चालू ठेवून तापमान चढतं का बघा. मीटरवरच्या मैलांवर काही ठरवू नका, तो पाच आकडी आहे आणि ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो.

आतली सीटं, छत, कार्पेट यांच्यावर वेळ घालवू नका. डॅशबोर्डखाली मात्र डोकावा: चिकटपट्टीने जोडलेल्या रंगीबेरंगी वायरी दिसल्या तर पूर्ण वायरिंग बदलायचा खर्च धरा.

जीटी आणि शेल्बी म्हणून विकत असतील तर

जीटी पॅकेज, म्हणजे वेगवान गाडीच्या जादा सुविधांचा संच, एप्रिल १९६५ मध्ये आलं आणि ते फक्त ए किंवा के इंजिनावर मिळायचं. नंबरात सी किंवा टी आहे आणि बाजूला जीटीच्या पट्ट्या आहेत, तर त्या नंतर लावलेल्या. ए असलं तरी मागच्या पोकळ पट्ट्यांत दुहेरी सायलेन्सर टांगायच्या जागी कारखान्यात वेल्ड केलेल्या मजबुतीच्या पत्र्या आहेत का बघा. बिल्ले आणि फॉग-लॅम्प कुणीही विकत आणतं. फोर्डच्या नोंदींवरून गाडीची माहिती काढून देणारा मार्टी रिपोर्ट १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मिळतो, त्यामुळे आपल्या गाडीला तो उपयोगाचा नाही. गाडी स्वतःच पुरावा.

१९६५ ची शेल्बी जीटी-३५० (कॅरोल शेल्बीच्या कंपनीने शर्यतीच्या धाटणीने बदललेली मस्टँग) म्हणजे एकूण ५६२ गाड्या, सगळ्या सॅन होजेच्या, के इंजिनाच्या फास्टबॅक. असा दावा समोर आला तर शेल्बी क्लबच्या नोंदवहीत नंबर तपासल्याशिवाय पुढे बोलूच नका.

कागद आणि पैसे

टायटलवरचा नंबर आणि आतल्या मडगार्डवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. एका आकड्याची चूकही तुमच्या राज्यात नोंदणीच्या वेळी महिनोन् महिने घोळ घालते. टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र एकच हवं. "माझ्या मित्राची आहे, त्याने सही करून ठेवलीय" असं असेल तर मित्रालाच बोलवा. बँकेचं कर्ज गाडीवर असल्याची नोंद नाही ना तेही बघा. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल मिळतच नाही, हस्तांतर करता येणारी नोंदणी असते, तेव्हा तिथली गाडी घेताना आपल्या राज्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. कॅलिफोर्नियात १९७५ आणि आधीच्या गाड्यांना धुराची चाचणी नाही.

भावाची बोलणी तपासणीच्या कागदावरून करा. जे जे सापडलं ते लिहून काढा, पत्र्याच्या कामाचा अंदाज जवळच्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजातून घ्या आणि तो विक्रेत्यासमोर ठेवा. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या स्थानिक शाखांत अशा गाड्यांचे परीक्षक असतात. एखादा सोबत यायला तयार झाला तर त्याच्या दिवसाचे पैसे आनंदाने द्या. विमा घेताना ठरीव किमतीचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर कंपनी घसारा न लावता ठरलेली रक्कम देते.

पैसे बँकेतच, दोघांच्या समोर, कॅशिअर्स चेकने (बँकेच्या हमीच्या चेकने) द्या. विक्रीपत्रावर नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. आणि गाडी चालवत घरी नेऊ नका. टायरच्या बाजूला डीओटीच्या (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) खुणेचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. बऱ्याचदा नक्षी कोरी असते आणि टायर मात्र दहा-बारा वर्षांचा. फ्लॅटबेड (गाडी वाहून नेणारा ट्रक) मागवा, टायर आणि ब्रेकच्या तिन्ही रबरी नळ्या बदला, मग पहिली चक्कर मारा.